बेरेस्टेच्को 1651: खान पळाला म्हणून कोसॅक हरले, एवढंच?

चावडीवरचा

ख्मेलनित्स्कीच्या उठावाबद्दल कुठंही वाचायला घेतलं की बेरेस्टेच्कोची लढाई दोन ओळीत उरकतात. क्रिमियाचा खान ऐन वेळी पळाला, कोसॅक हरले, पुढचं प्रकरण. मला हे पटत नाही. म्हणून धागा काढतोय, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आजचा बराचसा युक्रेन तेव्हा पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात होता. नीपर नदीच्या खालच्या अंगाला कोसॅक, म्हणजे सरहद्दीवरचे मोकळे लढवय्ये. त्यातल्या काही हजारांना सरकारी नोंदवहीत नाव, पगार, हक्क. बाकीच्यांना काही नाही, सरदाराच्या जमिनीवर राबा. नोंदवहीत किती नावं हा भांडणाचा मुद्दा आधीपासूनचा, त्यावरून उठाव झाले आणि चिरडलेही गेले, 1638 मध्ये तर उरलेले हक्कही जवळपास काढून घेतले. मग 1648 मध्ये बोहदान ख्मेलनित्स्की उठला. त्याची सुबोतिव्हची जहागीर चाप्लिन्स्की नावाच्या एका पोलिश अधिकाऱ्यानं बळकावली होती, दाद मागितली तर कुणी विचारेना. गडी सिचला, म्हणजे नीपरवरच्या कोसॅकांच्या ठाण्यावर पळाला, हेटमन, म्हणजे सरसेनापती झाला आणि क्रिमियाच्या खानाशी हातमिळवणी केली. पुढं झोव्ती वोदी, कोरसुन, पिल्याव्त्सी, एका वर्षात तीन मोठे विजय. कोरसुनला तर पोलंडचे दोन्ही हेटमन जिवंत सापडले आणि खानाच्या तातारांच्या हवाली झाले. 1649 मध्ये झबोरिव्हचा तह, नोंदवहीत 40,000 नावं आणि कीव, ब्रात्स्लाव, चेर्निहिव्ह हे तीन प्रांत कोसॅकांकडं.

हा तह पोलिश सरदारांना कधीच पचला नव्हता. 1651 च्या फेब्रुवारीत पुन्हा जुंपली. नेचाय हा कोसॅकांचा नावाजलेला कर्नल क्रास्ने गावात मारला गेला. मार्चमध्ये विन्नित्सियाला इव्हान बोहुन या दुसऱ्या कोसॅक कर्नलनं नदीच्या गोठलेल्या पात्रात भोकं पाडून ठेवली, वर पातळ बर्फ धरू दिला, त्यावर गवत पसरलं आणि पोलिश घोडदळ त्यात घुसून बुडालं. हा बोहुन लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जूनमध्ये दोन्हीकडची मुख्य फौज व्होलिनमध्ये स्टिर नदीकाठी बेरेस्टेच्को गावाजवळ समोरासमोर आली. पोलंडचा राजा यान काझिमिएश स्वतः आलेला. पगारी फौज, जर्मन पद्धतीचं पायदळ आणि सरंजामी सरदारांची जमवाजमव, सगळं मिळून 60 ते 80 हजार धरतात. पलीकडं ख्मेलनित्स्की, त्याच्याबरोबर नोंदलेले कोसॅक आणि हजारोंनी शेतकरी, आणि खान इस्लाम गिराय तिसरा याचे 30 हजारांच्या आसपास तातार स्वार. आकड्यांवर भांडू नका, त्या काळचे लेखक लाखांच्या खाली बोलायचेच नाहीत.

28 जूनला चकमकी झाल्या. 29 ला तातार आणि कोसॅकांनी पोलिश घोडदळाला चांगलाच हात दाखवला, पण त्याच गडबडीत तुगाय बे पडला. हा पेरेकोपचा बे, म्हणजे तातार सरदार, ख्मेलनित्स्कीचा 1648 पासूनचा खरा दोस्त. खान म्हणजे राजकारण, तुगाय बे म्हणजे भरवसा. 30 ला सकाळी दाट धुकं, दुपारपर्यंत काहीच नाही. दुपारनंतर पोलिश सरदार विश्न्योव्हेत्स्की घोडदळ घेऊन कोसॅकांच्या गाड्यांच्या रांगेवर धडकला, आत घुसला, परत ढकलला गेला. तेवढ्यात राजानं मधली फळी, पायदळ आणि तोफा, तातारांच्या दिशेनं हलवली. खान ज्या टेकाडावर उभा होता तिथं गोळे पडायला लागले आणि तातारांनी जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. खानाचा तंबू, सामान, सगळं जागेवर. ख्मेलनित्स्की आणि त्याचा सचिव विहोव्स्की खानाला परत आणायला मागं घोडे टाकत गेले आणि खानानं त्यांना सोबतच ठेवून घेतलं.

संध्याकाळी तुफान पाऊस. कोसॅकांची फौज तशीच उभी, गाड्या शाबूत, तोफा शाबूत, हेटमन गायब.

आता माझा मुद्दा. 30 जूनला कोसॅक हरले नव्हते, एकटे पडले होते. हरले 10 जुलैला. मधल्या दहा दिवसांत काय झालं हे कुणी नीट सांगतच नाही.

कडूकारलं

लेख छान पण खानाला एवढं स्वस्तात सोडू नका राव. झबोरिव्हला 1649 मध्ये त्यानं हेच केलं होतं. राजा कोंडीत सापडलेला, अजून एक दिवस दाबला असता तर संपला असता, तर खानानं परस्पर राजाशी वेगळा सौदा केला आणि ख्मेलनित्स्कीला म्हणाला तूपण कर तह. खानाला पोलंड मरायला नको होता आणि कोसॅकही मोठे व्हायला नको होते, दोघं भांडत राहिले की याची दुकानदारी चालू. ज्याला एकदा ओळखलं त्याच्यावरच दोन वर्षांनी पुन्हा सगळा डाव लावायचा याला काय म्हणायचं?

मोडी_वाचक

@कडूकारलं, दुसरा पर्याय सांगा. कोसॅकांचं पायदळ त्या भागात एक नंबर, तोफा बऱ्या, गाड्यांचा कोट तर अभेद्य. पण घोडदळ? उघड्या मैदानात पोलिश हुसार, म्हणजे भालेवाले चिलखती स्वार, अंगावर आले की त्यांना अडवायला घोडा नाही. ती उणीव तातार भरून काढायचे. तातार नाहीत म्हणजे शत्रूची रसद तोडणारं, पाळतीवर राहणारं, मागं लागून कापणारं कुणीच नाही. आधीचे उठाव याच एका कारणानं बुडाले. कोसॅक गाड्यांच्या आड बसले, पोलिशांनी चारी बाजूंनी वेढलं, दाणागोटा संपला, शरण या. 1648 मध्ये पहिल्यांदा वेगळं काही घडलं ते तातारांमुळं. खान नको म्हणणं सोपं आहे, खानाशिवाय झोव्ती वोदीच झाली नसती.

रानवारा

पण या दोस्तीची किंमत कुणी मोजली? तातार फुकट येत नव्हते. पगार म्हणून माणसं न्यायचे. पोलिश सरदार सापडला तर खंडणी, शेतकरी सापडला तर क्रिमियाच्या गुलामांच्या बाजारात. आणि शेतकरी कुठला होता? त्याच मुलखातला, ज्याच्या नावानं उठाव चाललेला. खान परत जाताना वाटेतली गावं लुटत जायचा आणि ख्मेलनित्स्की बघत बसायचा.

एक्स-टर्नोपिल

मी सहसा वाचूनच जातो पण या धाग्यावर राहवलं नाही. मी टर्नोपिलला एमबीबीएस केलंय (तिकडं महाराष्ट्रातली पोरं ढिगानं होती, 2022 च्या आधीची गोष्ट). झबाराझचा किल्ला आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, झबोरिव्ह लवीव्हच्या रस्त्यावर, ख्मेलनित्स्की तर पाच ह्रिव्नियाच्या नोटेवरच, म्हणजे रोज खिशात. पण इतिहास म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आमची एक लोकल मैत्रीण होती, तिच्या घरच्यांबरोबर पोचायिव्हच्या मठात गेलो होतो आणि येताना ते लोक म्हणाले चला कोझात्स्की मोहिली दाखवतो, म्हणजे कोसॅकांच्या कबरी. तेच हे रणांगण. प्लाशेवा गावाजवळ.

सांगायचं म्हणजे ती जागा बघितल्यावर लढाई डोक्यात बसते. सपाट, ओलसर, गवत गुडघ्याच्या वर, पाय टाकला की खालून पाणी वर येतं. नदी म्हणावी तर प्लाशिव्का म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढा. मी म्हटलं यात कसं काय कुणी बुडतं? तर त्या मैत्रिणीच्या वडलांनी एक लांब काठी घेतली आणि काठावरच्या चिखलात दाबली. गेली. पूर्ण गेली, हाताशी आली तरी खाली टेकेना. आणि तेव्हा तर दलदल आत्ताच्या कितीतरी पट होती, नंतर पाण्याचा निचरा करून बरीच जमीन कोरडी केलीये.

तिथं एक चर्च आहे 1910 ते 1914 मध्ये बांधलेलं, त्याची चित्रांची भिंत आत नसून बाहेरच्या बाजूला आहे, मैदानात जमलेल्या गर्दीला प्रार्थना दिसावी म्हणून. आणि खाली तळघरात काचेमागं हाडं आणि कवट्या. मेडिकलचे असूनसुद्धा आमच्यातले दोघंजण बाहेर येऊन बसले.

चावडीवरचा

@एक्स-टर्नोपिल, वा! हेच पाहिजे होतं. आता दहा दिवसांवर येतो.

30 च्या रात्री कोसॅकांनी गाड्या हलवल्या. गाड्यांचा कोट म्हणजे काय हे आधी सांगतो. सामानाच्या गाड्या, साखळ्यांनी एकमेकींना बांधलेल्या, एकामागं एक अनेक रांगा, आत पायदळ आणि तोफा, आणि हे सगळं प्रकरण लढता लढता चालू शकतं. तर त्यांनी हा कोट मागं सरकवत प्लाशिव्काच्या दलदलीला पाठ लावली. तीन बाजूंना गाड्या आणि मातीचे बांध, चौथ्या बाजूला दलदल. हुसार कितीही भारी असले तरी बांधावर घोडा घालता येत नाही, म्हणून पोलिशांनी सरळ वेढा दिला, मागून जड तोफा मागवल्या आणि मारा सुरू केला.

आत हेटमन नाही. म्हणून फिलोन जालालीला कारभार दिला. तहाची बोलणी सुरू झाली. कोसॅक म्हणतात झबोरिव्हच्या अटी द्या, राजा म्हणतो झबोरिव्ह विसरा, ख्मेलनित्स्की आणि विहोव्स्कीला पकडून द्यायचं कबूल करा, तोफा द्या, निशाणं द्या, वरचे अधिकारी ओलीस द्या.

आता त्या छावणीत कोण कोण आहे बघा. एक, नोंदवहीतला कोसॅक. तह झाला तर कमीजास्त का होईना त्याचं नाव वहीत राहणार. दोन, अधिकारी, म्हणजे स्तार्शिना. त्यांचं डोकं मागितलंय. तीन, कोयता नाहीतर दांड्याला बसवलेलं विळ्याचं पातं घेऊन आलेला शेतकरी, हजारोंनी. तह झाला की याला परत त्याच सरदाराच्या हवाली व्हायचंय ज्याचा वाडा यानं तीन वर्षांपूर्वी पेटवला. म्हणजे कुठल्याही तहात हा मरणार. त्यामुळं अधिकारी तंबूत बसून काय बोलतायत याच्यावर याचा रोज संशय. आज आम्हाला विकतायत की उद्या?

शेवटी जालालीला बाजूला करून बोहुनला पुढारी केला.

मोडी_वाचक

बोहुनचा बांध लिहा, तीच खरी गोष्ट आहे.

चावडीवरचा

येतोय येतोय. बोहुननं ओळखलं की समोरून फुटणं शक्य नाही. मग पाठीमागची दलदल. रात्रीच्या अंधारात दलदलीत रस्ते घालायला सुरुवात केली. साहित्य काय? गाड्या मोडून फळ्या, फांद्यांचे भारे, खोगिरं, तंबूची कापडं, पिंपं, घोंगड्या, जे हाताला लागेल ते. असे एकापेक्षा जास्त रस्ते. पोलिशांना पत्ता लागायच्या आत घोडदळ आणि काही तोफा पलीकडं काढायच्या आणि मग बाकीच्यांना टप्प्याटप्प्यानं न्यायचं, असा बेत.

तिकडं पोलिशांनाही सुचलं की मागची बाजू मोकळी आहे, म्हणून त्यांचा सरदार लांत्सकोरोन्स्की तुकडी घेऊन पलीकडच्या काठाला निघाला. बोहुनला हे कळलं. तो 10 जुलैच्या सकाळी 2000 च्या आसपास माणसं घेऊन त्याला अडवायला पलीकडं गेला. आणि इथं घात झाला. छावणीत उठल्यावर लोकांनी बघितलं की बोहुन नाही, अधिकारी नाहीत, निवडक घोडदळ नाही. दहा दिवस जी भीती पोटात घेऊन बसले होते तीच समोर. पळाले! आपल्याला टाकून पळाले! आणि हजारो माणूस एकाच वेळी त्या फळ्यांवर धावला.

बांध एवढं वजन घ्यायला केलेलेच नव्हते. तुटले. बोहुन परत आला, लोकांना थांबवायचा प्रयत्न केला, कुणी ऐकेना. पोलिशांना आधी वाटलं ही काहीतरी चाल आहे, थोडा वेळ ते पुढंच आले नाहीत. मग लक्षात आल्यावर घुसले. छावणीत बायका-पोरंही होती. करिंथचा मेट्रोपॉलिटन, म्हणजे मोठा धर्मगुरू, योआसाफ, जो येशूच्या पवित्र कबरीवर मंतरलेली तलवार घेऊन ख्मेलनित्स्कीकडं आला होता, तोही कापला गेला. ख्मेलनित्स्कीची कागदपत्रं, मोहर, सुलतानाशी झालेला पत्रव्यवहार, सगळं राजाच्या हाती.

म्हणून म्हणतो, खानानं लढाई घालवली असेल, पण माणसं गेली ती आपल्याच पुढाऱ्यांवर विश्वास नव्हता म्हणून. आणि तो विश्वास नसायला कारण होतं, झबोरिव्हच्या तहात 40,000 नावं वहीत गेली आणि बाकीच्यांना परत शेतावर जा सांगितलं तेव्हाच तो गेला होता.

कडूकारलं

हे मात्र मानलं. शेतकरी वेडा नव्हता. त्याचा अंदाज त्या दिवसापुरता चुकला पण एकंदरीत बरोबर होता.

भिजलेली_वात

ते 300 जणांचं खरं का? बेटावर शेवटपर्यंत लढले, राजानं जीवदान देऊ केलं तर खिशातले पैसे पाण्यात फेकले वगैरे.

मोडी_वाचक

गोष्ट त्या काळच्याच लिखाणातली आहे, नंतरची रचलेली नाही. आणि गंमत म्हणजे ती शत्रूच्या बाजूनं आलेली आहे. पलायन झाकायला तीनएकशे कोसॅक दलदलीतल्या एका उंचवट्यावर ठाण मांडून बसले, शरण या म्हटलं तर नाही म्हणाले, एकेक करत पडले. शेवटचा एकटा होडीत उभा राहून विळ्यानं लढत होता, तो कित्येक तास आवरेना. पियेर शेवालिए या फ्रेंच लेखकानं ही हकीकत थोड्याच वर्षांत लिहून ठेवली. 300 हा आकडा गोल आहे, ग्रीकांच्या 300 ची आठवण लिहिणाऱ्याच्या डोक्यात असणारच. पण कुणीतरी मागं राहून वेळ काढून दिला हे नक्की, नाहीतर बोहुनबरोबर एवढे लोक निघालेच नसते.

तिखटमीठ

अर्धा इतिहास राहिलाय. ख्मेलनित्स्कीच्या बायकोचं कुणी काढलं नाही का अजून?

चावडीवरचा

😄 वाटच बघत होतो.

तिखटमीठ

तर मंडळी ज्या चाप्लिन्स्कीनं सुबोतिव्ह बळकावलं त्यानं ख्मेलनित्स्कीची मनातली बाईपण नेली होती. मोत्रोना म्हणा, हेलेना म्हणा. जिंकल्यावर ख्मेलनित्स्कीनं तिच्याशी लग्न केलं. 1651 च्या मे महिन्यात, म्हणजे लढाईच्या महिनाभर आधी, खजिन्यातल्या सोन्याचा घोळ निघाला आणि बाप मोहिमेवर असताना थोरल्या पोरानं, तिमिशनं, तिला आणि खजिनदाराला फासावर चढवलं. बातमी छावणीत पोचल्यावर हेटमन खचला म्हणतात. पोलिश कागदांत हे चवीनं आलंय, पण तिला फाशी झाली यावर वाद नाही. आता सांगा, महिनाभर आधी घरात हे, समोर राजा, दोस्त म्हणून खान. या माणसानं 29 ला रात्री नीट झोप काढली असेल का?

मोडी_वाचक

बायकोमुळं लढाई हरला हे मी घेणार नाही, पण त्या मोहिमेत ख्मेलनित्स्की नेहमीचा ख्मेलनित्स्की वाटत नाही हे खरंय. पोलिश फौज सोकालहून निघून स्टिर ओलांडून आली, गाड्या, तोफा, सरदारांचे नोकरचाकर, एवढा पसारा. नदी ओलांडताना फौज सगळ्यात दुबळी असते. त्याच वेळी अंगावर जायला हवं होतं. हा मात्र खानाची वाट बघत बसला. कोरसुनला, पिल्याव्त्सीला जागा यानं निवडली होती, इथं जागा पोलिशांनी निवडली.

शून्य_तास

मी असं वाचलंय की तातारांचा कुर्बान बायराम होता, म्हणजे बकरी ईद, म्हणून त्यांना लढायचं नव्हतं आणि तुगाय बे गेल्यामुळं अपशकुन मानला. हे कितपत खरं?

मोडी_वाचक

कॅलेंडर लावून बघा. 30 जून 1651 म्हणजे हिजरी 1061 चा रजब महिना, साधारण 11 तारीख. बकरी ईद जिल्हेज महिन्यात, त्या वर्षी ती नोव्हेंबरच्या शेवटी आली. ईदच नव्हती. एकानं लिहिलं, बाकीचे उतरवून घेतायत. तुगाय बे गेल्याचा परिणाम मात्र नक्की झाला असणार, तातारांत तोच एक कोसॅकांच्या बाजूनं बोलणारा होता.

अजून एक, तारखांचा घोळ होतो कारण कोसॅक जुनं कॅलेंडर वापरायचे. त्यांच्या हिशोबानं लढाई 18 ते 20 जून. कुठं 20 जून वाचलं तर दचकू नका.

शून्य_तास

धन्यवाद, ईदवाला मुद्दा बाद.

सह्याद्रीचा_पोर

हे वाचताना सारखं आपल्याकडचं आठवतंय, साधारण तोच काळ, डोंगरी मावळे, सरंजामदार...

चावडीवरचा

नको हो नको. तिकडं वळलं की धागा परत येत नाही, अनुभव आहे. वेगळा काढा, मी येतो प्रतिसाद द्यायला.

साधीमाणूस

एक गोष्ट सगळे टाळतायत म्हणून मी लिहिते. 1648 मध्ये याच उठावात ज्यूंच्या वस्त्याच्या वस्त्या कापल्या गेल्या. नेमिरिव्ह, तुल्चिन, पोलोन्ने, नावं घ्यावी तेवढी. सरदारांच्या वतीनं वसुली करणारे, ठेका घेणारे बरेच ज्यू होते म्हणून शेतकऱ्यांचा राग त्यांच्यावर निघाला असं कारण देतात, पण मेले ते शिंपी, सोनार, बायका, मुलं. नाथान हनोव्हर नावाच्या रब्बीनं त्याच पिढीत हे सगळं लिहून ठेवलंय, वाचवत नाही. बेरेस्टेच्कोला दलदलीत बुडालेल्या माणसाबद्दल वाईट वाटतंच, पण त्यातल्या काहींच्या हातून काय झालं होतं तेही लिहा.

चावडीवरचा

पूर्ण सहमत, आणि टाळायचा हेतू नव्हता, लढाईपुरतं लिहीत होतो. युक्रेनच्या नोटेवर जो आहे तोच ज्यूंच्या आठवणीत खुनी म्हणून आहे. आणि रशियनांनी त्याला 1654 च्या मॉस्कोशी झालेल्या पेरेयास्लावच्या करारामुळं आपला करून टाकला, कीवमध्ये त्याचा घोड्यावरचा पुतळा 1888 मध्ये झारच्या राज्यातच उभा राहिला. एकाच माणसाचे तीन वेगवेगळे फोटो, तिन्ही खरे.

रानवारा

पोलिशांनीही हातचं राखलं नव्हतं. विश्न्योव्हेत्स्कीनं 1648 मध्ये सुळावर चढवलेल्या माणसांची यादी कमी नाही. पोलिश कादंबऱ्या-सिनेमांत मात्र तो देवमाणूस.

एक्स-टर्नोपिल

उत्खननाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून परत आलो. लवीव्हचे इहोर स्वेश्निकोव्ह म्हणून पुरातत्त्ववाले होते, त्यांनी 1970 पासून पुढं वीसेक वर्षं त्या दलदलीत काम केलं. दलदलीतल्या पीट मातीत ऑक्सिजन नसतो त्यामुळं चामडं आणि लाकूड कुजत नाही, तीनशे वर्षं जसंच्या तसं. म्हणून तिथं काय सापडलं तर चामड्याचे बूट, पट्टे, थैल्या, लाकडी चमचे. बंदुका आणि तलवारी तर आहेतच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोहुनच्या बांधाचे अवशेष, फांद्या, गाड्यांचे तुकडे, आणि त्याच्याच आजूबाजूला माणसांचे सांगाडे. म्हणजे कागदावर जे लिहिलं होतं ते चिखलात तसंच होतं.

मला त्या म्युझियममध्ये तलवारींपेक्षा बूट बघून कसंतरी झालं. टाचेला ठिगळ लावलेलं. कुणीतरी बसून शिवलेलं असणार ते, मोहिमेवर निघायच्या आधी.

भिजलेली_वात

मग नेमके मेले किती?

मोडी_वाचक

पोलिशांच्या बाजूचे लेखक 30 हजारांपर्यंत जातात. दलदलीत मोजलं कुणी? काही हजार म्हणा आणि पुढं चला. त्यात शेतकरी सगळ्यात जास्त, कारण नोंदवहीतले अनुभवी कोसॅक आणि तोफखान्याचा काही भाग आधीच पलीकडं गेला होता. याचा परिणाम पुढच्या दोन महिन्यांत दिसतो. एवढ्या मोठ्या पराभवानंतर उठाव संपायला हवा होता. संपला नाही.

कडूकारलं

का नाही संपला? राजाकडं जिंकलेली फौज होती की.

मोडी_वाचक

जिंकलेली होती पण राहायला तयार नव्हती. सरंजामी सरदारांना घरची ओढ. कायद्यानं ठरावीक दिवस, मग आम्ही चाललो. राजा पुढं चला म्हणतोय आणि हे पीक आणि वाडे सांभाळायला परत. त्यात पोलंडच्या दक्षिण डोंगरात कोस्त्का नापिएर्स्कीनं शेतकऱ्यांना उठवून चोर्श्तिनचा किल्ला घेतला होता. जुलैमध्ये क्राकोला त्याला ठार केलं, पण तोवर सरदारांच्या पोटात गोळा आलेला, आपल्याच गावात असं झालं तर? उरली पगारी फौज, ती उजाड केलेल्या मुलखातून चालली, खायला नाही, रोगराई. विश्न्योव्हेत्स्की ऑगस्टमध्ये आजारानं गेला, म्हणजे लढाईनंतर दोन महिनेसुद्धा नाही. लिथुआनियाकडून तिथला हेटमन राद्झिविल उतरला आणि त्यानं कीव घेतलं, तरीपण बिला त्सेर्कवापाशी येऊन पोचेपर्यंत समोर ख्मेलनित्स्की नवी फौज घेऊन उभा. खानानं त्याला काही दिवसांत सोडलं होतं.

28 सप्टेंबर 1651, बिला त्सेर्कवाचा तह. नोंदवही 40,000 वरून 20,000, तीन प्रांतांचा एक, फक्त कीव. हरलेल्या माणसाला याहून बरंच वाईट मिळायला हवं होतं.

तिखटमीठ

20,000 ची वही म्हणजे अजून 20,000 जण परत शेतावर. म्हणजे तोच घोळ पुन्हा.

चावडीवरचा

अगदी. त्यामुळं लोकांनी घरंदारं उचलली आणि पूर्वेला मॉस्कोच्या हद्दीत जाऊन वसले, खार्किव्हच्या बाजूचा मुलूख असाच भरत गेला. आणि तह टिकला किती, तर आठ महिने. 1652 च्या जूनच्या सुरुवातीला बातिहला ख्मेलनित्स्कीनं पोलिश हेटमन कालिनोव्स्कीला गाठलं. तातार पुन्हा बरोबर! छावणी पार कापली, कालिनोव्स्की मेला, आणि पकडलेल्या पोलिश सैनिकांना ख्मेलनित्स्कीनं तातारांकडून विकत घेऊन ठार करवलं असं सांगतात. बेरेस्टेच्कोचा सूड म्हणून. पोलंडची अनुभवी फौज त्या एका दिवसात गेली.

साधीमाणूस

बातिहवर वेगळा धागा काढा, इथं कोंबू नका. कैद्यांच्या कत्तलीवर दोन ओळी पुरत नाहीत.

चावडीवरचा

काढतो. एवढ्यात जमेल असं वाटत नाही, ऑफिसात ऑडिट आहे.

भिजलेली_वात

वाखुसा (वाचनखूण साठवली). बोहुनचं पुढं काय झालं तेवढं सांगा कुणीतरी.

मोडी_वाचक

ख्मेलनित्स्की 1657 मध्ये गेला आणि मग कोसॅकांचं आपसातच जुंपलं. बोहुनला 1654 चा मॉस्कोशी झालेला करार मान्य नव्हता, त्यानं शपथ घ्यायचं टाळलं असं धरतात. पुढं कधी या बाजूला, कधी त्या. 1663 च्या मोहिमेत तो पोलिश राजाच्या फौजेबरोबर होता, राजा तोच, यान काझिमिएश, बेरेस्टेच्कोवाला. 1664 च्या फेब्रुवारीत नोव्हहोरोद-सिवेर्स्कीजवळ पोलिशांनीच त्याला मारलं, आरोप असा की हा आतून मॉस्कोवाल्यांना मिळालाय.

कडूकारलं

म्हणजे यालाही विकलं असा संशयच नडला. खरंच मिळालेला होता का?

मोडी_वाचक

खटला धड चाललाच नाही. दोन्ही बाजूंनी लिहिणारे आहेत, चावडीवरचे बातिहचा धागा काढतील तेव्हा तिथं भांडू.